सत्तेचाळीस मिनिटांचा पाहुणा

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो. वय वर्षे अकरा. तुम्ही म्हणाल, अकरा म्हणजे काय जुनी? पण आमच्यात अकरा म्हणजे दात पडलेले आणि पाठीला पोक आलेला. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहिणींपैकी निम्म्या कधीच गेल्या. त्यांच्या दारावर आता नुसता 'पान सापडले नाही' असा फलक लटकतो. मी मात्र टिकले, आणि कशी टिकले ती हकिगत आज सांगते.

मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर पिसाएवढंही नाही. तरी मी एका दुपारी शंभर घरांत जाऊन बसते, आणि तिथे लोक काय बोलतात ते माझ्या कानावर पडतं. तुला कान कुठून आले, असं विचारू नका. भूक लागली की तुमच्या पोटात कावळे ओरडतात, तेव्हा मी कधी विचारते का, की ते आत गेले कसे?

माझं माहेर म्हणजे एक संस्था. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, फोन आणि कपाटं. आतली खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. तिच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले आणि दाराला आतून जाड रजई टांगलेली. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. त्या खोलीत पंखा बंद करून माणसं पुस्तकं मोठ्यानं वाचतात आणि त्यांचा आवाज साठवून ठेवला जातो. कुणासाठी? ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. वाचणाऱ्याला कुणी काही देत नाही. तो येतो, घाम गाळतो, पाच-पंचवीस पानं वाचतो आणि रुमाल पिळून घरी जातो.

ते आवाज पहिल्यांदा माझ्या पोटात आले तेव्हा मी थक्क झाले, मित्रांनो. कागदावर नुसत्या काळ्या मुंग्या. माणूस त्यांच्याकडे बघून तोंड उघडतो, आणि त्या तोंडातून समुद्र येतो, वादळ येतं, रडणारं पोर येतं. आणि हे सगळं मी उचलून दूरच्या एखाद्या खोलीत नेऊन ठेवायचं! असलं काम मला मिळालं याची छाती इतकी फुगली की सांगता सोय नाही. (छातीबद्दलही काही विचारू नका.)

मला घडवलं अध्यक्षबाईंच्या जावयानं. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या जिन्यात खोकल्या तरी वरच्या मजल्यावरची माणसं ताठ बसायची. जावईबापू कॉम्प्युटरवाले. सुट्टीत सासुरवाडीला आले असताना आठ दिवसांत त्यांनी मला उभं केलं, एक पैसा न घेता. गुणी माणूस. पण मला नटवायला सगळी संस्था त्यांच्या पाठीमागे उभी राहिली.

"माझा फीत कापतानाचा फोटो सगळ्यात वर येऊ दे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आणि देणगीदारांना विसरून कसं चालेल?" हिशेब बघणारे काका म्हणाले. हे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. पाऊस पडून गेल्यावर तो किती पडला हे अचूक सांगायची सवय. सगळे त्यांना आकडेकाका म्हणत. "एकेका प्रकरणाच्या ध्वनिमुद्रणाला एकेकानं मदत केली आहे. ज्यानं ज्या प्रकरणाला मदत केली, ते प्रकरण त्याच्या फोटोखाली ठेवा. म्हणजे माणूस खूश."

झालं! असं कोडं दुसऱ्या कुठल्या घरात पडलं नसेल. तीस प्रकरणांची एक कादंबरी तीस देणगीदारांच्या घरी वाटली गेली. पहिलं प्रकरण डॉक्टरांकडे, दुसरं लाकूडवाल्यांकडे, तिसरं कुणाच्या तरी मावशींच्या स्मरणार्थ. माझ्या दर्शनी पानावर एकसष्ट फोटो, आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य, 'इथे क्लिक करा'. शिवाय फोटो ताजे राहावेत म्हणून दर दोन मिनिटांनी मी आपली आपण नवी व्हायची. प्रकरण सुरू झालं की सुटला; तोवर पाहुणा कुठेही पोचलेला असो, दोन मिनिटं झाली की पुन्हा दारात!

जावईबापूंनी हळूच विचारलं, "हे जरा जास्त होत नाही ना? काही खटकलं तर सांगा हं."

"छे छे, उत्तम झालंय," सगळे एका सुरात म्हणाले. अध्यक्षबाईंनी चहा पुढे केला.

अहो, जावयानं केलेलं काम! त्याला नावं ठेवून कुणाला मुख्याध्यापिकांचा राग ओढवून घ्यायचा होता?

पहिल्या वर्षी माझं केवढं कौतुक झालं. येईल त्याला मला दाखवायचे. मग हळूहळू सगळे विसरले. पाहुणे यायचे, आठ सेकंद थांबायचे आणि पळायचे. मी दारात उभी राहून बघत बसायची. पोटात हजारो तासांचे आवाज, आणि ऐकायला कुणी नाही.

आणि एके दिवशी दुपारी चार वाजता एक पाहुणा आला, तो पळालाच नाही.

ते होते घड्याळवाले आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. बारीक चाकांकडे बघता बघता डोळे अधू झाले, आणि सत्तरीत दिवा विझावा तसे विझले. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला पडदा नव्हता. होता, तो बिघडला तेव्हा त्यांनी काढून माळ्यावर टाकला. "मला काय करायचाय तो?" म्हणाले. नुसती बटणं आणि एक बोलणारा डबा. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्या डब्यातून बोलायचा. आजोबा त्याला पोपट म्हणायचे.

म्हणजे त्या घरात मला रूप नव्हतं, मित्रांनो. मी फक्त आवाज होते! माझे रंग, माझी सजावट, ती फीत, ती कात्री, सगळं उंबऱ्याबाहेर राहिलं. आणि त्या दिवशी मी स्वतःला पहिल्यांदा ऐकलं.

"चित्र," पोपट म्हणाला. "आय एम जी शून्य एक चार सात. इथे क्लिक करा. चित्र. आय एम जी शून्य एक चार आठ. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा."

फोटोंत कोण आहे ते कुणी लिहिलंच नव्हतं, म्हणून पोपट नुसते फोटोंचे क्रमांक वाचत होता. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. न पाहणाऱ्यांसाठी जन्मलेली मी, आणि माझ्या तोंडी हे!

आजोबांच्या टेबलाला लागूनच पलंग होता, आणि पलंगावर आजी. आजींच्या छातीत बरेच दिवस दम नव्हता. त्या हसून म्हणाल्या, "अहो, हा पोपट अडकलाय का?"

"अडकला नाही. वाट विचारतोय," आजोबा म्हणाले.

"कुणाला?"

"मलाच. आंधळ्यालाच वाट विचारतोय, शहाणा आहे."

त्यांची गोष्ट अशी होती. आजोबांचे डोळे गेल्यापासून आजी त्यांना रोज चार वाजता वाचून दाखवायच्या. एका हरवलेल्या जहाजाची कादंबरी त्यांनी वाचायला घेतली. तेवीस प्रकरणं झाली, आणि चोविसाव्याच्या पहिल्याच पानावर आजींचा श्वास पुरेना. एक वाक्य वाचायचं आणि तीनदा थांबायचं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. मग उशाखालच्या संस्थेच्या एका जुन्या पत्रकावर माझा पत्ता सापडला. तीच कादंबरी माझ्याकडे वाचलेली होती.

"पण एक सांगून ठेवते," आजींनी जाहीर केलं, "ते जहाज बंदराला लागलं की बुडालं, ते कळल्याशिवाय मी कुठं जायची नाही. यमाला म्हणावं, बाहेर बस."

त्या हे गमतीनं म्हणाल्या. आजोबा हसले नाहीत.

आजोबांनी मग जे केलं ते बघून मी तोंडात बोट घातलं. एकेक 'इथे क्लिक करा' त्यांनी मोजायला घेतलं. घड्याळाच्या चाकाचे दात मोजावेत तसं. सव्विसाव्या घरात चोविसावं प्रकरण. एकोणचाळिसाव्यात पंचविसावं. डोक्यात नकाशा तयार! दोन मिनिटांच्या आत त्या घरापर्यंत पोचायचं, नाहीतर मी त्यांना पुन्हा दारात फेकणार. त्यांचं बोट असं धावायचं की पोपटाला अर्धेच शब्द उच्चारता यायचे. "इथे क्... इथे क्... इथे क्..." डोळे असलेल्या माणसांनी आठ सेकंदांत हात टेकले होते, मित्रांनो. हा माणूस अंधारात माझे दात मोजत होता.

आणि प्रकरण सापडलं की खोलीत तो आवाज घुमायचा. ती कादंबरी वाचली होती एका निवृत्त बस कंडक्टरनं. भरदार, खडबडीत आवाज. सगळं छान, पण जन्माची खोड सुटेना. प्रकरण संपलं की तो त्याच दमात म्हणायचा, "चला, पुढे चला!" ते काढून टाकायला संस्थेत कुणालाच येत नव्हतं, म्हणून राहिलं. आजी दरवेळी खुदकन हसायच्या. आणि दरवेळी पुढे जायला माझ्याकडे वाट नसायची. मी त्यांना परत दारात आणून सोडायची.

सहा दिवसांत सहा प्रकरणं झाली. चार वाजता यायचं, आणि चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी उठायचं. पाच वाजता आजींचं औषध. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणायला तेरा मिनिटं. घड्याळवाला माणूस, मिनिटाला पक्का. सत्तेचाळिसातली वीस मिनिटं ऐकण्यात, आणि सत्तावीस माझ्या गल्लीबोळांत.

एकच प्रकरण उरलं. तिसावं.

इकडे संस्थेत काय झालं असेल? आकडेकाकांनी माझा महिन्याचा तक्ता काढला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बाई! रोज एक पाहुणा येतो आणि सत्तेचाळीस मिनिटं थांबतो! आपल्या साइटवर! रमतो तिथे माणूस!"

"मला ठाऊकच होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जावईबापूंचं काम आहे ते."

आणि ही माणसं भली, मित्रांनो, म्हणून त्यांना वाटलं की अशा पाहुण्याला आणखी काहीतरी बघायला द्यावं. आणखी तेरा फोटो! ते त्यांनी वरच्या अंगाला लावले. एकसष्टाचे चौऱ्याहत्तर झाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबांचं बोट धावलं आणि भलत्याच घरात शिरलं. सगळी मोजणी तेरा घरं सरकली होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पण तिसावं प्रकरण अगदी शेवटच्या घरात होतं, चौऱ्याहत्तराव्या. बोट कितीही पळालं तरी सत्तरच्या आसपास दोन मिनिटं भरायची, आणि मी नवी व्हायची. "चित्र. आय एम जी..." पुन्हा दारात. पुन्हा. पुन्हा. सत्तेचाळीस मिनिटं! मी ओरडून सांगत होते, आजोबा, अजून चार घरं! पण मला तेवढंच बोलता येतं जेवढं कुणी लिहून ठेवलेलं असतं.

"राहू द्या हो," आजी म्हणाल्या. "बोटं दुखतील."

"चाळीस वर्षांत एक घड्याळ मी तसंच परत केलेलं नाही," आजोबा म्हणाले. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी आजींना पत्रकावरचा नंबर वाचायला लावला आणि संस्थेत फोन केला.

फोन उचलला फोनवाल्या ताईंनी. त्या टेबलाशी बसून दिवसभर फोन घेत. संस्थेत सगळ्यांचं ऐकून घेणं हेच त्यांचं काम. त्यांचं ऐकून घेणं हे कुणाचंच काम नव्हतं.

"आजोबा, तुमच्या समोर आता काय दिसतंय?"

"काही नाही. मला डोळे नाहीत आणि कॉम्प्युटरला पडदा नाही. आमची जोडी जमली आहे."

ताईंनी फोन ठेवला. मग त्यांनी जे केलं ते अकरा वर्षांत कुणी केलं नव्हतं. आपल्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, पोपट चालू केला, डोळे मिटले आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बैठक होती. जावईबापू गावात होते म्हणून तेही मुद्दाम आले होते. आकडेकाका सत्तेचाळिसाचं गुणगान सुरू करणार, एवढ्यात ताई उभ्या राहिल्या.

"काका, तो पाहुणा रमत नाही. तो हरवलाय."

आकडेकाकांनी छताकडे बघितलं. ताईंनी आजोबांची सगळी हकिगत सांगितली. अध्यक्षबाई लाल झाल्या.

"इतकी काही अवघड नाही हं ती. मी दाखवते."

ताईंनी पडदा बंद केला. अध्यक्षबाई डोळे मिटून बसल्या आणि बटण दाबू लागल्या. पोपट सुरू झाला. दोन मिनिटं. चार. आठ. मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठ्या, मग घाम. बाराव्या मिनिटाला त्या ओरडल्या, "अहो, मला बाहेर काढा कुणीतरी!"

कुणी हसलं नाही. ताईंनी पडदा पुन्हा लावला, बाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू आपल्याच शाळेत त्या रस्ता चुकल्या होत्या.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही कधी..."

"वाईट?" जावईबापूंचा बांध फुटला. "सासूबाई, अकरा वर्षं मी विचारतोय, काही खटकतं का? तुम्ही दरवेळी म्हणता छान, आणि चहा वाढता! मला वाटायचं, खरंच छान असेल!"

मग मात्र सगळे हसले. आकडेकाका तर डोळे पुसेपर्यंत.

तीन दिवस जावईबापू आणि ताई माझ्याजवळ बसले. ताई डोळे मिटून चालायच्या, अडखळल्या की 'इथे ठेच लागली' म्हणायच्या, आणि जावईबापू तो दगड उचलायचे. आपली आपण नवी व्हायची माझी खोड गेली. दारात चौऱ्याहत्तर फोटोंऐवजी तीनच वाटा राहिल्या, 'पुस्तक शोधा', 'मागचं पुस्तक पुढे ऐका', 'आम्हाला फोन करा'. प्रत्येक वाट कुठे जाते ते तीच सांगू लागली. विखुरलेली प्रकरणं आपापल्या पुस्तकात ओळीनं येऊन बसली. देणगीदार काही बेघर झाले नाहीत. प्रकरण संपलं की त्यांचं नाव आदरानं उच्चारलं जातं, एका श्वासात. आणि प्रकरणाच्या शेवटी एक बटण आलं. त्याला नाव काय द्यायचं यावर कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. 'पुढे चला'.

फीत कापतानाचा फोटो अध्यक्षबाईंनी स्वतःच काढायला लावला. "ऐकू येत नाही ना तो," म्हणाल्या, "मग काय उपयोग?"

मी अकरा वर्षांची म्हातारी, नव्या नवरीसारखी चार वाजण्याची वाट बघत बसले. ताईंनी आजोबांना फोन करून सगळं समजावलं होतं. चार वाजले. आजोबा आले. एक पाऊल, दोन पावलं, तीन. पोपट स्वच्छ आवाजात म्हणाला, "प्रकरण तिसावं, शेवटचं. ऐका. बटण."

आणि पुढे काहीच झालं नाही.

बोट बटणावर होतं. बटण दाबलं जात नव्हतं. एक मिनिट गेलं, पाच गेली. पोपटाचा आवाज त्यांनी कानाला लावायच्या इयरफोनच्या नळीत घेतला होता. आजींना काही ऐकू जात नव्हतं.

"सापडलं का हो?"

"नाही गं. शोधतोय."

मला कळेना! सरळ वाट, तीन पावलं, आणि माणूस दारात येऊन उभा! सत्तेचाळीस मिनिटं ते तसेच बसले. एका हाताचं बोट बटणावर, आणि दुसऱ्या हाताची बोटं आजींच्या मनगटावर. घड्याळाची टिकटिक ऐकावी तशी ते तिथली टिकटिक मोजत होते. मग मला आठवलं आजी काय म्हणाल्या होत्या. जहाजाचं कळल्याशिवाय मी जायची नाही.

मित्रांनो, मी पोटात वादळं बाळगली आहेत, समुद्र बाळगले आहेत. पण न दाबलेल्या त्या बटणाएवढं मोठं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी आकडेकाकांनी तक्ता बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, अहो अजून सत्तेचाळीसच! अजून हरवतोय तो माणूस! जावईबापूंना बोलवा!" जावईबापू आले. चार वाजून दहा मिनिटांनी ताईंनी आजोबांना फोन लावला.

"आजोबा, अजून सापडत नाही का? कुठं अडतंय, सांगा ना."

आजोबांनी तोंडावर हात धरला आणि अगदी हळू बोलले. "सापडलंय हो ताई. पहिल्याच दिवशी सापडलं. पण दाबवत नाही."

ताईंनी विचारलं नाही, का. कधी विचारू नये हेही ऐकून घेणाऱ्या माणसालाच कळतं. पण पलंगावरून आवाज आला.

"डोळे तुमचे गेलेत. माझे कान शाबूत आहेत."

आजोबांच्या हातातून फोन टेबलावर निसटला. तो तसाच चालू राहिला.

"पाच दिवस मला फसवताय," आजी म्हणाल्या. मध्ये थांबल्या, श्वास घेतला. "चाळीस वर्षं जगाची घड्याळं चालू करून दिलीत, आणि माझंच धरून ठेवताय होय?"

"तूच म्हणाली होतीस ना..."

"मी काय, शंभर गोष्टी म्हणते. लग्नात म्हणाले होते, तुमच्याशी भांडणार नाही. ते ऐकलंत का तुम्ही? दाबा."

आजोबांनी कानातली नळी काढली, तिचं टोक डब्यातून उपटलं. बटण दाबलं.

कंडक्टरचा आवाज खोलीत भरला. वीस मिनिटं कुणी हललं नाही. आजी नाहीत, आजोबा नाहीत, आणि फोनच्या पलीकडे ताई, जावईबापू, आकडेकाका आणि दाराशी येऊन थबकलेल्या अध्यक्षबाईही नाहीत. जहाज बंदराला लागलं की बुडालं ते मी सांगणार नाही. ते प्रकरण माझ्याकडे आहे. ज्याला हवं त्यानं येऊन ऐकावं. वाट सोपी आहे आता.

प्रकरण संपलं. आणि आजवर जो आवाज 'पुढे चला' म्हणत आला होता, तो या वेळी वेगळंच म्हणाला. "शेवटचा थांबा. सर्वांनी उतरून घ्या."

आजोबांची बोटं आजींच्या मनगटावर घट्ट झाली. ते मोजत होते. मीही मोजत होते. कसं ते विचारू नका.

"हात सोडा, दुखतोय," आजी म्हणाल्या. "आणि उतरायचं कुणाला? या कंडक्टरनं आणखी काय काय वाचलंय ते बघा."

आजोबा हसले की रडले, मला सांगता येणार नाही. त्यांनी बटणं चाचपली. पण माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं. वाट संपली होती! तीन दिवसांच्या एवढ्या खटपटीत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, की पुस्तक संपल्यावर माणूस असतोच.

"नाही गं काही इथं," आजोबा म्हणाले.

टेबलावर पडलेल्या फोनमधून बारीक आवाज आला. "आजोबा! थांबा! पाचच मिनिटं थांबा!" त्या होत्या ताई. आणि त्यांच्या मागून अध्यक्षबाईंचा, जिन्यात घुमायचा तो आवाज. "जावईबापू, चहा नंतर! आधी ते बटण!"

पाच नाही, अठ्ठावीस मिनिटं लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच आजींचं औषध पाचाच्या पुढे गेलं. पण माझ्या अंगावर एक नवी वाट उमटली. 'याच आवाजात आणखी'. कंडक्टरची चौदा पुस्तकं होती माझ्याकडे! अकरा वर्षं मी ती पोटात घेऊन बसले होते आणि माझं मलाच माहीत नव्हतं.

आजी आता सातव्या पुस्तकात आहेत. दम अजून तसाच आहे, डॉक्टर अजून मान हलवतात, आणि आजी अजून यमाला बाहेर बसवतात. बिचाऱ्याचे पाय दुखत असतील. आणि त्या एका वाटेवरून आता इतकी माणसं चालतात की आकडेकाकांचा तक्ता दोन कागदांवर जातो. तक्ता काढून झाला की ते ताईंना विचारतात, "रमलेत ना गं हे? की हरवलेत?" ताई एखाद्याला फोन करून खात्री करतात.

तुम्हीही कधी कुणासाठी काही बनवाल, मित्रांनो. बाक बनवाल, गोष्ट लिहाल, नाहीतर माझ्यासारखी एखादी बनवाल. बनवून झालं की एकदा डोळे मिटून त्यातून चालून बघा. कुणी छान म्हणालं तर त्याला दुसऱ्यांदा विचारा. आणि कुणी फार वेळ दारात उभं असेल तर तो का उभा आहे, ते तक्त्यात शोधू नका. त्यालाच विचारा.

परवा तो कंडक्टर आतल्या खोलीत नवं पुस्तक वाचायला आला होता. ताईंनी त्याला पाण्याचा पेला देता देता आजींची गोष्ट सांगितली. त्यानं पेला रिकामा केला. रजई सारून आत गेला, पंखा बंद केला आणि वाचत राहिला. शेवटचं प्रकरण संपलं. तो थांबला, घसा खाकरला. मी श्वास रोखून ऐकत होते.

"इथे गाडी बदला," तो म्हणाला. "सावकाश उतरा. पुढची गाडी उभीच आहे."